शटडाउनमधला पोळा

कंपनी बंद झाली की पहिल्या दिवशी माझा चहा कपात स्थिर राहतो. एरवी तो सारखा थरथरत असतो. आमची सोयाबीन तेलाची कंपनी सावनेरच्या वाटेवर, शेतांच्या मधोमध आहे. ती चालू असते तेव्हा जमीन हलते, खिडक्यांच्या काचा गुणगुणतात, टेबलावरचं पेन हळूहळू सरकत कडेला येतं आणि खाली पडतं. माणसं एकमेकांशी ओरडून बोलतात आणि घरी गेल्यावरही ओरडूनच बोलतात, अशी सगळ्यांच्या घरच्यांची तक्रार आहे. मग श्रावणात एका सकाळी बॉयलर विझतो, एकेक पट्टा थांबतो, आणि कुंपणापलीकडच्या सोयाबीनमधले बेडूक ऐकू येऊ लागतात. ते वर्षभर तिथेच ओरडत असतील का, असा प्रश्न मला दरवर्षी पडतो.

आज सकाळी तसंच झालं. सर येऊन गेली होती, वर ऊन पडलं होतं, आवारातल्या तरोट्याच्या पानांवरून पाणी ओघळत होतं. कँटीनमधल्या फोडणीचा वास थेट माझ्या टेबलापर्यंत आला. एरवी तो येत नाही. वर्षभर इथे दोनच वास असतात: एक शिजलेल्या सोयाबीनचा, दुसरा तेल काढायच्या द्रावणाचा, पेट्रोलसारखा. शटडाउनमध्ये ते दोन्ही जातात आणि जिरं-लसूण, ओली माती, नवा रंग, ग्रीस असे वास आपापली जागा घेतात. मला हा मोसम फार आवडतो. लोक दिवाळीची वाट पाहतात, मी शटडाउनची पाहते, आणि हे मी घरी मोठ्याने बोलत नाही.

मी खिडकी उघडली, चहाचा घोट घेतला, आणि तेवढ्यात नव्या मॅनेजर साहेबांचा फोन आला. साहेब परराज्यातून आलेत, माणूस सज्जन आहे. “मॅडम, प्लॅन पाहिला. छान झालाय. पण मधला एक पूर्ण दिवस रिकामा दिसतोय. भरायचा राहिला का?”

“नाही सर. पोळा आहे.”

“हां, हां,” म्हणाले, आणि फोन ठेवला. त्या एका शब्दात त्यांना काय कळलं ते देव जाणे. त्या रिकाम्या दिवसामागे एक अख्खा श्रावण आहे. तो फोनवर सांगण्यासारखा नव्हता. इथे सांगते.

मी दुरुस्तीचं नियोजन करते. लग्नाकार्यात कुणी विचारलं आणि मी हे उत्तर दिलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, “म्हणजे मशिनी दुरुस्त करता?” नाही. “मग माणसं पाठवता?” तसंही नाही. कुठलं मशीन कधी उघडायचं, त्याच्याआधी कुणी काय उरकायचं, क्रेन सकाळी कुणाला आणि दुपारी कुणाला, कुठला सुटा भाग कोणत्या दिवशी स्टोअरमध्ये येऊन पडलेला हवा, आणि एका शिडीवर दोन टोळ्या एकाच वेळी चढून भांडणार नाहीत ना, हे सगळं आधी ठरवून ठेवणं, एवढंच माझं काम. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. चांगलं झालेलं माझं काम दिसतच नाही. जे बिघडलं नाही त्याचा फोटो कसा काढायचा?

माझ्या बाबांना मात्र ते एका दमात कळलं. बाबा मूळ उमरेडचे, हातमागावर लुगडी विणणारे. माग थांबले तसे नागपुरात आले, आणि आता आमच्याजवळ हुडकेश्वरला असतात. मी माझ्या कामाचं पाल्हाळ लावलं होतं, ते ऐकत सुपारी कातरत होते. मध्येच म्हणाले, “ताणा करतेस म्हन ना मंग.” ताणा म्हणजे मागावर आधी लावून घ्यायचे उभे धागे. त्याला दिवसच्या दिवस जातात आणि तेव्हा कापड बोटभरही झालेलं नसतं. “लोकं इकडून तिकडं पळनारा धोटा पायतात,” बाबा म्हणाले, “त्याचा खटखट आवाज येते ना. ताण्याचा आवाज येत नाही. म्हनून त्याले कोनी पायत नाही.” त्या दिवसापासून घरात कुणी विचारलं की बाबा परस्पर सांगून टाकतात, पोरगी तेल कंपनीत ताणा करते.

मी लागले तेव्हा कंपनीत ताणा बिणा काही नव्हतं. शटडाउन म्हणजे जत्रा होती. ज्याचा आवाज मोठा त्याला क्रेन. पाइपवाले सकाळी बांबूंची परांची बांधून जेवायला जात, तोवर रंगवाले ती सोडून स्वतःच्या भिंतीला बांधत, आणि दुपारी दोघं मिळून तिसऱ्यालाच शिव्या देत. बेअरिंग बसवायची वेळ आली की कळायचं, बेअरिंग अजून मुंबईतच आहे. गंमत अशी की सगळेच जीव तोडून काम करत होते. घामाने सदरे भिजायचे आणि काम मात्र पुढे सरकायचं नाही. शेवटी दसरा तोंडावर यायचा, नव्या सोयाबीनचे ट्रक गेटबाहेर रांग लावून उभे राहायचे, आणि आत आमची अजून नटबोल्टची शोधाशोध चाललेली असायची.

या सगळ्यात बळी जायचा तो पोळ्याचा. जुनं सोयाबीन श्रावणात संपतं, नवं दसऱ्याला येतं, म्हणून कंपनीला फुरसत मधल्या दिवसांतच. आणि पोळा येतो श्रावणाच्या अमावास्येला, ऐन कामाच्या गर्दीत. आमचे फिटर, वेल्डर, हेल्पर बहुतेक सगळे खापा, पारशिवनीकडच्या गावांतले. घरी शेती, गोठ्यात बैलजोडी. वर्षातून ज्या एका दिवशी बैलाला न्हाऊ घालायचं, सजवायचं, पुरणपोळी भरवायची, त्या दिवशी घरधनी इथे गिअरबॉक्सखाली पाठीवर पडलेला. संध्याकाळी बसमध्ये कुणी कुणाशी बोलायचं नाही. वाटेतल्या गावांतून ढोलाचे आवाज येत आणि माणसं खिडकीबाहेर पाहत बसत.

ज्या वर्षाचं मी सांगते आहे, ते वर्ष माझ्या पहिल्या पूर्ण प्लॅनचं. तो श्रावण मोठा गमतीचा होता. सकाळी ऊन, दुपारी सर, पुन्हा ऊन. छत्री उघडावी की मिटावी यात माझा अर्धा दिवस जायचा. मी प्रत्येक मशीनपाशी जाऊन प्रत्येकाला तेच तीन प्रश्न विचारत फिरत होते: तुमचं काम काय, किती वेळ लागेल, कोणाच्या नंतर? सुरुवातीला लोक मला टाळायचे. मग त्यांच्या लक्षात आलं की ही बाई उत्तर लक्षात ठेवते, आणि मग उलट बोलावून सांगायला लागले. एका वेल्डरने तर घरच्या विहिरीच्या मोटरचंही वेळापत्रक करून घेतलं.

देवराव फिटरांचे फोरमन. मिशा पिकलेल्या, आवाज मऊ. बोलताना जवळच्या मशीनवर हात ठेवायची त्यांना सवय होती, गोठ्यात उभा राहिलेला माणूस गुराच्या पाठीवर ठेवतो तसा. त्यांच्याकडे सगळ्यात मोठं काम होतं, टोस्टरचा गिअरबॉक्स. तेल काढून उरलेला सोयाबीनचा चुरा ज्या उंच भांड्यात वाफेवर शिजतो त्याला आम्ही टोस्टर म्हणतो. त्याच्या पोटातली पाती फिरवतो तो हा गिअरबॉक्स, एका लहान मोटारीएवढा. त्याचं काम सरल्याशिवाय बाकीची निम्मी कामं पुढे जात नाहीत.

“देवराव, गिअरबॉक्सला किती दिवस धरू?”

“तुमी म्हनान तितके, मॅडम.”

“असं नाही. खरं सांगा.”

“खरं सांगू? पोळ्याच्या आधी सरलं पायजे.”

“का?”

“काहून म्हंजे?” ते हसले. मग हसू ओसरलं आणि ते गिअरबॉक्सकडे पाहून बोलू लागले, जणू मला नाही, त्यालाच सांगत होते. “मॅडम, इथं लागल्यापासून मले एकबी पोळा घरी नाही भेटला. बैल जातात तोरनाखाली, पन दोर दुसऱ्याच्या हाती. आता पोरगं ट्रॅक्टर घेतो म्हनून राहिलं. घेईन. बरोबर बी आहे त्याचं, मी काही आडवा येत नाही. पन मंग पुढच्या पोळ्याले गोठ्यात जोडी राहीन का नाही, कोनाले माहीत? एक डाव मले माह्या बैलाचा दोर धरून तोरनाखालून जायाचं आहे. बस, इतकंच.”

एवढं बोलून त्यांनी गिअरबॉक्सवर दोनदा थोपटलं आणि पाना उचलला. माझे वडील सणावाराला मागावरून कधी उठले नव्हते, ते मला आठवलं.

त्या आठवड्यात मी प्लॅन पुन्हा मांडला, उलटीकडून. आधी पोळा लिहिला आणि मग त्याच्या मागे मागे सरकत गेले. गिअरबॉक्सचं झाकण तोवर लागायचं तर तेल अडवणारं सील कधी बसायला हवं, सील बसायचं तर दांडा कधी घासून यायला हवा, दांडा काढायला क्रेन कधी हवी. सगळं जमवून तक्ता भिंतीवर लावला. फिटरांच्या निळ्या पट्ट्या, इलेक्ट्रिशियनच्या पिवळ्या, बॉयलरच्या लाल. आणि मधोमध वरपासून खालपर्यंत एक पांढरा रकाना, कसलीच पट्टी नसलेला.

तेव्हाचे आमचे मॅनेजर बोबडे साहेब महालातले, पक्के नागपूरकर. देह भारी, आवाज त्याहून भारी, खाण्याचे शौकीन. रागावले की खाली उभ्या ट्रकचा ड्रायव्हरही उतरून उभा राहायचा. ते तक्त्यापुढे आले, चष्मा कपाळावर चढवला.

“हे काय आहे वं? इथं शाई सरली का?”

“पोळा आहे सर. त्या दिवशी सगळ्यांना सुट्टी.”

“पोळा दरसाल असते. दसरा बी दरसाल असते, अन् दसऱ्याले ट्रक माह्या उरावर असते.”

मी त्यांना रांग दाखवली, कशामागे काय आणि कुठे किती सवड. त्यांनी चष्मा डोळ्यांवर उतरवला आणि रांग पुन्हा वाचली. मग म्हणाले, “ठीक आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळच्या आत टोस्टर फिरवून दाखवा. माह्या डोळ्यासमोर. सीलमधून थेंबभर जरी तेल गळलं ना, तं हा पांढरा रकाना मी सोता रंगवीन.”

ही अट जेवणाच्या सुट्टीच्या आत सगळ्या कंपनीत पोचली. त्या दिवसापासून मी जे पाहिलं ते मला अजूनही खरं वाटत नाही. क्रेनवाला आपली पाळी यायच्या आधी येऊन उभा राहू लागला. रंगवाले परांची सोडण्याआधी विचारू लागले, “कोनाची आहे गा?” येता-जाता माणूस तक्त्यापुढे थांबायचा, स्वतःच्या पट्टीवर बोट ठेवायचा आणि मग ते बोट सरकवत पांढऱ्या रकान्यापर्यंत न्यायचा. तिथला कागद पुढे पुढे बोटांच्या तेलाने पिवळा पडला.

राजू इलेक्ट्रिशियन मात्र रुसला. तो इतवारीचा, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतींची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते, काळी आणि पिवळी, सगळी इडापिडा शहराबाहेर न्यायला. त्या दिवशी राजू जगात इतर कुठे असूच शकत नाही. “गाववाल्याईले पोळा, अन् आमाले मारबत काहून नाही?” तो तक्त्यापुढे कंबरेवर हात ठेवून म्हणाला. मी काही बोलायच्या आत देवरावच मागून म्हणाले, “जा ना गा तू. त्या दिवशी तुह्यं काम आमी पाहू.” राजूने त्यांच्याकडे संशयाने पाहिलं. “वायरीले हात लावान का तुमी?” “वायरीले नाही. तुह्या मानसाईचं ओझं उचलू.” सौदा जमला.

आणि तो सौदा फेडायची पाळी आधी राजूवरच आली. एका रात्री धो धो पाऊस झाला, सकाळी नाल्यांना पूर, आणि गावांकडची बस पलीकडेच अडकली. देवराव फोनवर ओरडत होते, मागे पाण्याचा आवाज. “मॅडम, पूल पान्याखाली आहे! आज नाही जमत!” त्या दिवशी क्रेन मिळालेली होती, दांडा उचलून जागेवर ठेवायचा होता. तो हुकला की पांढरा रकाना गेलाच. मी तक्त्यापुढे नुसती उभी होते. राजू आला, एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तक्त्याकडे, आणि आपल्या पोरांना हाक मारली. शहरातल्या इलेक्ट्रिशियन मंडळींनी त्या दिवशी साखळ्या ओढल्या, पाचर सारली, दांडा उचलला. फोनवरून देवराव पलीकडच्या तीरावरून सांगत होते, “हळू, हळू गा बाप्पा, खाली पाय नको ठेवू कोनी!” दांडा जागेवर बसला तेव्हा राजू फोनमध्ये म्हणाला, “तुमचा बैल गोठ्यात बांधला, काका. आता चारापानी तुमी पाहा.” पलीकडून हसण्याचा गलका आला, नाल्याच्या आवाजाच्या वरताण.

मला हे लिहिताना हसू येतं आहे. नियोजनाच्या वर्गात आम्हाला शिकवलं होतं की थोडी सवड राखून ठेवा, अडचणीत कामी येते. ती सवड माणसांच्यात असते हे मी त्या पुराच्या दिवशी पाहिलं. तक्त्यावर तिला रंग नाही.

पोळ्याचा आदला दिवस उजाडला तो लख्ख. दुपारी गिअरबॉक्सचं झाकण लागलं, राखाडी रंगाचा ताजा हात मारून झाला. त्या दिवशी गावात खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावून शेकतात, पळसाच्या पानाने पुसतात आणि त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. देवरावांना घरी ते कधी करता यायचं नाही, म्हणून ते दरवर्षी डब्यात चिमूटभर हळद-तूप आणत आणि ज्या मशीनवर काम चालू असेल त्याला एक बोट लावत. सगळ्यांना हे ठाऊक होतं. कुणी हसायचं नाही.

पण त्या वर्षी आनंद डब्यात मावेना. डबा मोठा होता. देवरावांनी गिअरबॉक्सच्या खांद्यावर, म्हणजे वरच्या फुगीर भागावर, हळद-तूप चोळलं आणि मऊ आवाजात म्हणाले, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” मग दुसऱ्याने हात लावला, मग तिसऱ्याने. पारशिवनीकडच्या एकाने गेरू कालवून आणला होता, त्याचे पंजे उठले, टिळे लागले. राजूलाही कुणीतरी ओढून आणलं, त्यानेही हात बुडवला. माझ्या हातात पळसाचं पान दिलं. मीही पुसलं. एवढा सजलेला गिअरबॉक्स भारतात दुसरा नसेल.

चार वाजायच्या सुमाराला बोबडे साहेब आले. त्यांनी तो नटवलेला गिअरबॉक्स पाहिला आणि ओठांचा चंबू केला. देवरावांनी सीलच्या खाली एक पांढरा कागद सरकवला. राजूने बटण दाबलं. पाती फिरली. आवाज गोड होता, एकसारखा. आम्ही सगळे त्या कागदाकडे पाहत होतो. कागद कोरा. बराच वेळ कोरा. मागे कुणीतरी बसच्या ड्रायव्हरला खूण केली.

आणि मग एक थेंब पडला. काळसर, गोल. त्याच्यामागून दुसरा.

सील पुन्हा बदलायचं म्हणजे सगळं उघडायचं, म्हणजे उद्याचा पूर्ण दिवस. ते तिथे उभ्या प्रत्येकाला कळत होतं. देवराव गुडघ्यावर बसले, थेंबाला बोट लावलं, बोट लांब धरून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. ते उठले आणि पाना घ्यायला वळले. मला वाटलं होतं की मी त्यांना एक दिवस दिला, आणि तो माझ्यादेखत परत घेतला जात होता. मला रडू येत होतं आणि एवढ्या पुरुषांत ते दिसू नये म्हणून मी वर पत्र्याकडे पाहत राहिले.

तेवढ्यात बोबडे साहेबांनी नाक वर केलं. हुंगलं. पुन्हा हुंगलं.

“इथं साजूक तुपात काय तळून राहिलं बे?”

खरंच वास येत होता. कढत्या तुपाचा, हळदीचा, घरच्या सणाचा वास. गिअरबॉक्स तापला होता आणि त्याच्या डोक्यावरून तो येत होता. सगळ्यांच्या माना एकदम वर झाल्या. गिअरबॉक्सच्या माथ्यावर बारीक जाळीची एक टोपी असते. आत तापलेली हवा त्या टोपीतून बाहेर जाते, तेच त्याचं नाक. ती बुजली की आतला दाब वाढतो आणि तेल सापडेल त्या फटीतून बाहेर येतं. आमच्या गिअरबॉक्सचं नाक हळद, तूप आणि गेरूने मस्तपैकी लिंपलेलं होतं. वर कुणाचा तरी पंजा उमटला होता. पाचही बोटं स्पष्ट.

“बंद कर, बंद कर!” देवराव ओरडले आणि शिडी न घेताच वर चढले. टोपी काढली, तशी आतून फुस्स करून हवा सुटली. जाळी रॉकेलमध्ये धुतली, हवेच्या नळीने फुंकली, परत बसवली. खाली नवा कागद ठेवला. पुन्हा बटण. यावेळी कुणी बसकडे पाहिलं नाही. मी माझाच श्वास ऐकत होते. बोबडे साहेब स्टूल मागवून कागदासमोर बसले, जेवायला बसल्यासारखे. ऊन खिडकीतून सरकत भिंतीवर गेलं. कागद कोरा राहिला. कोराच राहिला.

साहेबांनी तो कागद उचलला, उलटसुलट पाहिला, घडी घालून खिशात ठेवला. “मशीनचं नाक बुजवून पूजा करनारे लोक मी पहिल्यांदा पायले,” ते म्हणाले. “जा आता. अन् परवा वेळेवर या.” मग दारापर्यंत जाऊन वळले. “देवराव, त्या डब्यात तूप उरलं का काही?”

जो ओरडा झाला तो मारबतीतही होत नसेल. राजूने देवरावांना कडेवर उचलायचा प्रयत्न केला आणि दोघेही ग्रीसमध्ये पडले. बसमध्ये चढताना देवराव मला म्हणाले, “मॅडम, उद्या तुमी या. आवतन आहे हे. नाही म्हनू नका.”

मी गेले. खाप्यापर्यंत बस, पुढे त्यांच्या मुलाची मोटारसायकल. दोन्ही बाजूंना सोयाबीन कमरेएवढं, ओढे भरून वाहणारे, कपाशीच्या पऱ्हाटीला पिवळी फुलं. गाव धुतल्यासारखं दिसत होतं. घराघरातून पुरणाचा वास आणि अंगणाअंगणातून शिंगांना लावलेल्या वार्निशचा. देवळापुढच्या मोकळ्या जागेत आंब्याच्या पानांचं तोरण आडवं बांधलं होतं, आणि त्याच्या मागे जोड्या रांगेत उभ्या होत्या. झुली, बाशिंगं, गोंडे, बेगड. ढोल चालू होता, म्हातारी मंडळी एकमेकांना झडत्यांनी, म्हणजे पोळ्याच्या चढाओढीच्या गाण्यांनी, चिडवत होती.

देवराव धुवट धोतर, नवी टोपी घालून दोर धरून उभे होते. मी त्यांना कंपनीच्या निळ्या कपड्यांशिवाय पहिल्यांदाच पाहत होते. मला पाहून त्यांनी मान डोलावली.

त्यांची पाळी आली. त्यांनी दोर ओढला. चांद्या हलला नाही. लाल्याही नाही. त्यांनी चुचकारलं, पाठीवर थोपटलं, पुन्हा ओढलं. दोन्ही बैल पाय रोवून उभे आणि मान वळवून मागे बघत होते. हशा पिकला. “देवराव, बैल ओळखत नाही का गा तुले?” कुणीतरी ओरडलं. देवरावही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

बैल जिकडे बघत होते तिकडे मीही पाहिलं. ओट्यावर बायका पूजेची ताटं घेऊन उभ्या होत्या. त्यांतली एक, सावळी, किरकोळ बांध्याची, हिरव्या लुगड्यातली, दोन पावलं पुढे आली. देवरावांची बायको, शांताबाई. तिथूनच हळू आवाजात म्हणाल्या, “ओढू नका. त्याईले ओढलेलं नाही समजत.”

देवरावांनी दोराकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. रांग सोडून ते तिच्याकडे आले आणि दोर पुढे केला. “धर वं.”

“आज नाही. लोक काय म्हनतीन?”

“इतके वर्सं तूच धरला. म्हनलं का कोनी काही?”

“इतके वर्सं तुमी नव्हते,” शांताबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. जे होतं ते सांगितलं.

देवरावांनी ताट तिच्या हातातून काढून शेजारणीला दिलं, दोर तिच्या हातात ठेवला, आणि स्वतःचा हातही त्याच दोरावर ठेवला. “आता आहो. चाल.”

तिने जिभेने बारीक आवाज काढला. चांद्याने पाय उचलला, मागोमाग लाल्याने. ती पुढे, ते तिच्या शेजारी, एका दोराला दोघांचे हात. तोरणाखालून चौघं गेली. तोरण तुटलं, पोळा फुटला, जोड्या उधळल्या, पोरांनी आंब्याची पानं लुटली. मी टाळ्या वाजवत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि या वेळी कुणी पाहिलं तरी मला पर्वा नव्हती.

शेजारच्या म्हातारीने मला निरखलं. “तुमी कोनाच्या घरच्या?”

“देवरावांच्या कंपनीतली.”

“हाव का? मंग तुमीच त्याले सुट्टी देल्ली?”

“हो,” मी म्हटलं. जरा ऐटीतच म्हटलं असणार.

म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. “आधी काहून नाही देल्ली वं बाई?”

तिला उत्तर नको होतं. तिने माझा हात धरला आणि गर्दीतून वाट काढत मला पुढे ओढत नेलं, जिथे शांताबाई बैलांना पुरणपोळी भरवत होत्या.